हॉर्नचा सूर आणि कानाचा हिशेब

गळीत हंगाम सुरू झाला की बारामती-इंदापूर रस्त्यावर दोन आवाजांचे भांडण जुंपते. पुढे उसाने लादलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, त्यावर बांधलेले स्पीकर आणि त्यातून फुल्ल आवाजात चाललेले गाणे. मागे घाईतली मोटार किंवा एसटी आणि तिचा हॉर्न. ट्रॅक्टरवाल्याला हॉर्न ऐकू येत नाही म्हणून मागचा तो पुन्हा वाजवतो, मग दाबूनच धरतो. पुढच्याला तरीही ऐकू येत नाही. ऐकू येते ते रस्त्याकडेच्या शाळेला, चहाच्या टपरीला, कडेकडेने सायकल चालवणाऱ्या मुलीला आणि ओसरीवर पडलेल्या म्हाताऱ्या माणसाला. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी असे साखर कारखाने एकमेकांपासून फार लांब नसलेल्या या पट्ट्यात हे भांडण हंगामाचे चार-पाच महिने रात्रंदिवस चालते.

हॉर्नच्या या त्रासावर एक गोड उपाय अधूनमधून चर्चेत येतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये नाशिकला तो मांडला आणि एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीतल्या एका कार्यक्रमात पुन्हा बोलून दाखवला. गाड्यांच्या हॉर्नमधून बासरी, तबला, व्हायोलिन, पेटी, माउथ ऑर्गन अशा वाद्यांचे सूर यावेत आणि त्यासाठी कायदा करावा, असा तो विचार. मंत्र्यांनाही हॉर्नचा वैताग येतो हे कळून सामान्य माणसाला बरे वाटते. रुग्णवाहिकेच्या आणि पोलिसांच्या सायरनबद्दलही त्यांनी असेच म्हटले आहे. भावना चांगलीच आहे. पण या उपायाच्या मुळाशी एक समजूत आहे, की हॉर्न बेसूर असतो म्हणून तो छळतो. ती तपासून पाहिली पाहिजे, कारण हॉर्न बेसूर नसतो. तो बऱ्यापैकी सुरात असतो.

मोटारीच्या पुढच्या जाळीमागे बसवलेली ती वाटीएवढी वस्तू आत अगदी साधी आहे. एक पातळ पोलादी पडदा, त्याला ओढणारा विद्युतचुंबक आणि पडदा ओढला गेला की वीज तोडणारी एक जोडणी. वीज तुटली की पडदा मागे येतो, मागे आला की वीज पुन्हा जुळते. हे सेकंदाला चारशे-पाचशे वेळा होते आणि त्यातून हॉर्नचा मूळ सूर निघतो. अनेक मोटारींत असे दोन हॉर्न जोडीने बसवलेले असतात, एक खालच्या पट्टीचा आणि एक वरच्या. समजा खालचा ४०० हर्ट्झचा आणि वरचा ५०० चा असेल, तर त्यांचे प्रमाण चारास पाच होते. हे प्रमाण म्हणजे षड्ज आणि शुद्ध गंधार. काही जोड्या ४२० आणि ५०० च्या असतात. तिथे प्रमाण जवळजवळ पाचास सहा होते आणि शुद्ध गंधाराच्या जागी कोमल गंधार येतो. घरी पेटी असेल तर पडताळून पाहता येईल. मध्य सप्तकातली काळी चार सुमारे ४१५ हर्ट्झची आणि पांढरी सात सुमारे ४९४ ची. या दोन पट्ट्या एकदम दाबल्या की बारामतीच्या तीन हत्ती चौकात रोज ऐकू येणारे काहीतरी ओळखीचे ऐकू येईल. फक्त अंगावर येणार नाही.

अंगावर न येण्याचे कारण मूळ सुरात नाही, त्याच्यावर चढवलेल्या आवाजात आहे. मोटारीच्या चकती-हॉर्नमध्ये पडद्याला आणखी एक लहान चकती जोडलेली असते. पडद्याच्या प्रत्येक ठोक्यासरशी ती झणझणते आणि दोन-तीन हजार हर्ट्झच्या पट्ट्यात तीक्ष्ण आवाज काढते. हा अपघात नाही, हे मुद्दाम केलेले आहे. हॉर्नसंबंधीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २८ क्रमांकाच्या नियमात १८०० ते ३५५० हर्ट्झ हा पट्टा ठरवून दिला आहे. मोटारीच्या हॉर्नचा या पट्ट्यातला आवाज दोन मीटरवर किमान १०५ डेसिबल भरलाच पाहिजे आणि एकूण आवाज ११८ च्या वर जाता कामा नये, असा तो नियम सांगतो. नेमका हाच पट्टा का, तर माणसाचा कान तिथे सर्वांत तिखट असतो. कानाच्या भोकापासून पडद्यापर्यंतची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की बाटली जशी आपल्या मापाचा सूर धरते, तशी ही नळी तीन हजार हर्ट्झच्या आसपासचे आवाज उचलून धरते. हॉर्न बनवणाऱ्यांनी कानाची ही खोड हेरली आणि चावी तिथेच फिरवली.

दुसरी गोष्ट खरखरीची. ४२० आणि ५०० हर्ट्झचे दोन आवाज एकत्र आले की त्यांच्या बेरजेत सेकंदाला ८० हेलकावे येतात, ४०० आणि ५०० चे आले तर १००. पेटीवर हलक्या हाताने वाजवताना ते जाणवत नाहीत. मोठ्या, कडक आवाजात मात्र ते खरखर बनून कानाला लागतात. २०१५ मध्ये ‘करंट बायॉलॉजी’ या नियतकालिकात लुक आर्नाल आणि सहकाऱ्यांचा माणसाच्या किंकाळीवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. किंकाळीचे वेगळेपण तिच्या उंचीपेक्षा आवाजाच्या झपाट्याने होणाऱ्या चढउतारांत असते, ते सेकंदाला ३० ते १५० च्या टप्प्यात येतात आणि अशा आवाजाने मेंदूतला भीतीशी निगडित भाग जागा होतो, असे त्यांना आढळले. धोक्याच्या घंटा आणि भोंग्यांतही हीच खरखर सापडते. म्हणजे षड्ज-गंधाराची जोडी घेऊन बनवलेली ही वस्तू प्रत्यक्षात किंकाळीचे काम करते. सूर सुसंवादी आहेत, पण हेतू दचकवण्याचा आहे, आणि तो साध्य होतो.

आता तिथे बासरी बसवून पाहू. बासरीचा आवाज गोड वाटतो कारण त्यात मूळ सुराच्या वरचे उपस्वर कमी असतात. तो जवळजवळ निखळ एक सूर असतो. पण निखळ सूर कुठून आला हे कानाला नीट सांगता येत नाही. आवाजाची दिशा ओळखताना मेंदू दोन कानांची तुलना करतो. खालच्या सुरांत आवाज कोणत्या कानाशी आधी पोहोचला हे पाहतो आणि वरच्या सुरांत कोणत्या कानाला तो मोठा लागला हे. आवाजात खालचे-वरचे सगळे असेल तर दिशा झटकन कळते, एकच सूर असेल तर माणूस मान फिरवत शोधत राहतो. स्वयंपाकघरात बारीक ‘पीं पीं’ करणारा मोबाइल नेमका कुठे ठेवलाय हे न सापडण्याचा अनुभव सगळ्यांना आहे. रस्ता ओलांडणाऱ्या आजोबांवर तीच पाळी आणायची का? तबल्याचे दुखणे निराळे. शाईमुळे तबल्याला सूर येतो, हे सर सी. व्ही. रामन यांनी शंभर वर्षांपूर्वी उलगडून दाखवले. पण तबल्याचा बोल उमटतो आणि विरतो. इशाऱ्याचा आवाज टिकावा लागतो.

सर्वांत मोठी अडचण तर आपल्या रस्त्यावरच उभी आहे. ट्रॅक्टरच्या स्पीकरवर गाण्यातली बासरी वाजत असताना मागून बासरीचाच हॉर्न वाजला, तर तो गाण्याचा तुकडा वाटेल. वरातीचा बँड, गणपतीचे ढोल, देवळावरचा कर्णा, दुकानातला रेडिओ यांनी आपले रस्ते आधीच भरलेले आहेत. या गर्दीत संगीत हे इशारा म्हणून वेगळे पडत नाही. रोजच्या ऐकण्यात जे मिसळून जाते, त्याला कान दाद देईनासा होतो. मग तेच मोठ्याने वाजवावे लागते आणि आपण पुन्हा पहिल्या जागी.

भिगवणला किंवा इंदापूरला पुणे-सोलापूर महामार्गाच्या कडेला सुरक्षित अंतरावर उभे राहून ऐकले, तर आणखी एक गोष्ट कळते. हॉर्न दाबून धरलेली गाडी समोरून गेली की तिचा सूर एकदम उतरतो. याला डॉप्लर परिणाम म्हणतात. ख्रिश्चन डॉप्लरने तो १८४२ मध्ये मांडला आणि तीन वर्षांनी नेदरलँड्समध्ये बाइस बॅलट यांनी आगगाडीवर तुतारीवादक बसवून तो कानांनी तपासला. आपल्याकडचा हिशेब गमतीचा आहे. गाडी ताशी ७२ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला २० मीटरने जात असेल, तर येतानाचा सूर आणि जातानाचा सूर यांचे प्रमाण १.१२४ येते. नवास आठ म्हणजे १.१२५, आणि तेच रिषभ-षड्जाचे प्रमाण. गाडी येते ती ‘रे’ वर आणि जाते ती ‘सा’ वर. सूर उतरला म्हणजे गाडी गेली, हे कोणी न शिकवता कानाला कळते. पण हे हॉर्नचा सूर स्थिर असेल तरच. हॉर्न स्वतःच चढउताराची सुरावट वाजवू लागला, तर वेग सांगणारा उतार कोणता आणि गाण्यातला कोणता, हे वेगळे काढणार कोण?

कायद्याने हा विचार फार आधी केला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ११९ वा नियम सांगतो की वाहनाला पुरेसा इशारा देणारा हॉर्न हवा. पण एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारा बहुस्वरी हॉर्न, किंवा फाजील कर्कश, मोठा अगर घाबरवून सोडणारा आवाज काढणारे साधन बसवता येणार नाही. रुग्णवाहिका, अग्निशमन अशा गाड्यांना सवलत आहे. थोडक्यात, सुरावट वाजवणाऱ्या हॉर्नवर तीस-पस्तीस वर्षांपासून बंदी आहे आणि तरी तो सर्रास वाजतो. लांब पल्ल्याच्या ट्रॅव्हल्सचा, वाळूच्या आणि खडीच्या गाड्यांचा, कधी हौशी तरुणाच्या दुचाकीचासुद्धा. ब्रेकसाठी साठवलेल्या दाबाच्या हवेवर चालणारा ट्रकचा प्रेशर हॉर्न सुराने खालचा असतो, पण ताकदीने राक्षस असतो. वाद्यांचे हॉर्न आणायचे तर मंत्रालयाला आधी आपलाच एक शहाणा नियम सैल करावा लागेल. तो सैल झाला की बासरीच्या नावाखाली काय काय वाजेल याची कल्पना करायला फार डोके लागत नाही. रिव्हर्स गिअर टाकला की सिनेमातली धून वाजवणाऱ्या गाड्या आपण पाहिल्या आहेतच.

पण समजा, हे सगळे बाजूला ठेवले आणि खरोखर मंजुळ हॉर्न बनवता आला, तर निदान आरोग्याचा प्रश्न सुटेल का? इथे कानाचा हिशेब निर्दय आहे. आतल्या कानात, गोगलगाईच्या शंखासारख्या नळीत, सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. आवाजाच्या लाटांनी त्या डोलतात आणि त्यातून मेंदूकडे संदेश जातो. त्यांना राग कळत नाही, वाद्य कळत नाही. त्यांना कळतो फक्त आवाजाचा जोर आणि तो किती वेळ टिकला ते. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी जगभर वापरला जाणारा एक ठोकताळा असा, की ८५ डेसिबल आवाजात माणसाने दिवसाला आठ तास काढले तर ती मर्यादा झाली. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, १०० ला पंधरा मिनिटे. याच हिशेबाने १०५ डेसिबलला पावणेपाच मिनिटेही पुरी मिळत नाहीत. सुमारे २८० सेकंद होतात.

आता चौकात उभ्या असलेल्या माणसाकडे पाहा. हॉर्न एक-एक सेकंदाचा धरला आणि तो दोन मीटरवरून वाजला, तर २८० हॉर्नमध्ये त्याच्या कानाचा दिवसाचा वाटा संपतो. आठ तासांत २८० म्हणजे तासाला ३५, दर पावणेदोन मिनिटांना एक. बारामतीच्या भिगवण चौकात किंवा इंदापूर चौकात संध्याकाळी एक हॉर्न वाजून पुढचा वाजायला पावणेदोन मिनिटे लागतात का, हे वाचकांनी घड्याळ लावून मोजावे. सगळेच हॉर्न इतक्या जवळून वाजत नाहीत हे खरे. अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो, दुचाकीचा हॉर्न मोटारीपेक्षा सौम्य असतो. पण हा हिशेब कायदेशीर, कंपनीतून आलेल्या हॉर्नचा आहे. प्रेशर हॉर्न यात धरलेला नाही. वाहतूक पोलीस, हातगाडीवर केळी विकणारा, रिक्षावाला, थांब्यावर गाड्या सोडणारा नियंत्रक, या लोकांची बहिरेपणाची तक्रार आपण वयावर ढकलतो. ती पुष्कळदा चौकाची असते.

शिवाय हा बहिरेपणा ओळखू येत नाही असा चोरपावलांनी येतो. आवाजाने होणारी इजा प्रथम चार हजार हर्ट्झच्या आसपास दिसते. त्या उंचीवर मूळ स्वर नसतात, तिथे व्यंजनांच्या कडा असतात. स, श, फ, ख यांचा फुसफुसता भाग तिथला. त्यामुळे माणसाला आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाही. साठ म्हटले तर आठ ऐकू येते. घरातले म्हणतात, ह्यांना हवे तेवढेच ऐकू येते. ह्यांना वाटते, हल्लीची पोरे पुटपुटतात. आणि स्वतःला कमी ऐकू येऊ लागलेला चालक आपला हॉर्न लोकांना ऐकू जात नाही असे समजून तो अधिक जोरात, अधिक वेळ वाजवतो. या चक्रावर फारसे कोणी बोलत नाही.

कानापलीकडचे नुकसानही आहे. अचानक मोठा आवाज झाला की शरीर काही शतांश सेकंदांत आकसते, मान ताठरते, नाडी वाढते. हे आपल्या हातात नसते. दुचाकीवर मागे मूल घेऊन चाललेल्या बाईच्या कानाजवळ प्रेशर हॉर्न वाजला तर तिचे हँडल हलते, यात तिच्या कौशल्याचा दोष नाही. इशारा देणाऱ्या वस्तूनेच अपघात घडवावा, याहून उलटे काय असेल? रात्री झोपेत हॉर्न कानी पडला की माणूस जागा झाला नाही तरी त्याचे हृदय त्याची नोंद घेते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत रस्त्यावरच्या वाहतुकीचा रात्रीचा सरासरी आवाज ४५ डेसिबलच्या खाली ठेवावा असे म्हटले आहे. योगायोग असा की आपल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा तीच आहे, ४५ डेसिबल. दिवसाची ५५. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीच्या शंभर मीटरच्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. या क्षेत्रात, तसेच रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात निवासी भागात, संकटाचा प्रसंग सोडून हॉर्न वाजवायचाच नाही असे हे नियम सांगतात. बारामती-इंदापूरमध्ये किती जणांना हे माहीत आहे? मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने विनाकारण हॉर्न वाजवण्याला पहिल्यांदा एक हजार आणि पुढच्या वेळी दोन हजार रुपये दंड ठेवला आहे. हेल्मेटची पावती पाहिलेली माणसे गावोगाव भेटतील. हॉर्नची पावती पाहिलेला माणूस शोधावा लागेल.

हॉर्न कमी होऊ शकतो, हे काही स्वप्नरंजन नाही. काठमांडूने एप्रिल २०१७ मध्ये नेपाळी नववर्षाच्या दिवसापासून शहरात विनाकारण हॉर्नवर बंदी घातली आणि फरक पडला. मिझोरमची राजधानी ऐझॉलमध्ये अरुंद चढउताराच्या रस्त्यांवर गाड्यांची रांग लागते, पण लोक हॉर्न वाजवत नाहीत. आपल्या राज्यात परिवहन आयुक्तांनी ३० एप्रिल २०१५ रोजी मालवाहू गाड्यांच्या पाठीवरच्या ‘हॉर्न ओके प्लीज’ला मनाई केली, कारण ती पाटी मागच्याला हॉर्न वाजवायला बोलावते. मुंबई पोलिसांनी काही सिग्नलना डेसिबल मोजणारे यंत्र जोडले. आवाज ८५ च्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू. लोक हसले, काही शिकलेही. यांपैकी कोणीही हॉर्नचा सूर बदललेला नाही.

आपल्या दोन तालुक्यांत मात्र शहराचे उपाय जसेच्या तसे लागू होणार नाहीत, कारण इथे हॉर्न केवळ सवयीने वाजत नाही. एकाच रस्त्यावर ताशी तीन-चार किलोमीटरने चालणारी बैलगाडी, वीस-पंचवीसने जाणारी जोडट्रॉली आणि ऐंशीने धावणारी मोटार असते. ट्रॉलीच्या दोन्ही अंगांनी ऊस बाहेर आलेला असतो, आरशात मागचे काही दिसत नाही, आणि अनेक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो. मागून येणाऱ्याजवळ आपण आलो आहोत हे सांगायला आवाजाखेरीज दुसरे साधन नाही. तो आवाज गाण्याने पुसून टाकला आहे. ट्रॅक्टरवाल्याचीही बाजू आहे. रात्ररात्र खेपा करायच्या, कारखान्यावर नंबर लागेपर्यंत रांगेत तिष्ठायचे आणि पुन्हा फडावर जायचे. गाणे नसेल तर डोळा लागेल, असे तो सांगतो आणि त्यात तथ्य आहे. झोप उडवायला दंड हा उपाय नव्हे. खेपांमध्ये विश्रांती मिळेल अशी पाळी कारखान्याने लावून दिली पाहिजे.

हे काम दिल्लीतून व्हायचे नाही, आणि त्यासाठी नव्या कायद्याचीही गरज नाही. उसाची प्रत्येक गाडी कारखान्याच्या वजनकाट्यावर थांबते. तिथेच मागचा दिवा, रिफ्लेक्टर आणि स्पीकर पाहता येतात. ऊस वाहतुकीच्या करारात एक अट घालता येते की रस्त्यावर असताना गाणे चालकापुरतेच ऐकू जाईल. एमएच-४२ ची पासिंग करणारे परिवहन कार्यालय बारामतीतच आहे. फिटनेस तपासताना तिथे प्रेशर हॉर्न काढून घेता येतो, आणि काढलेला हॉर्न मालकाला परत न देणे महत्त्वाचे, नाहीतर तो संध्याकाळी पुन्हा बसतो. शाळा आणि दवाखान्यांपुढे शांतता क्षेत्राच्या पाट्या नगरपालिकांनी लावायच्या आहेत. त्या दिसतील अशा जागी लावल्या तरी पुष्कळ होईल.

सुराचा उपयोग नाहीच असे मात्र नाही. या रस्त्यावरून पूर्वी फक्त बैलगाड्या जात तेव्हा त्यांनाही इशारा लागत असे, आणि तो बैलांच्या गळ्यातली घुंगुरमाळ देई. ती कोणाला दचकवत नाही. गाडी चालू आहे तोवर वाजते, वेग वाढला की ठेका वाढतो, गाडी थांबली की गप्प होते. तिच्यात हुकूम नसतो, खबर असते. गंमत म्हणजे विजेवर चालणाऱ्या गाड्यांसाठी जगाने आता जवळजवळ हेच तत्त्व स्वीकारले आहे. या गाड्या हळू जाताना इतक्या मूक असतात की अंध माणसाला, मुलांना त्या कळत नाहीत. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या १३८ क्रमांकाच्या नियमाने ताशी वीस किलोमीटरपर्यंत त्यांनी स्वतःहून हलका आवाज करत राहावे असे ठरवले, आणि वेग वाढेल तसा त्याचा सूरही चढावा, ताशी दर किलोमीटरला किमान ०.८ टक्के. ऐकणाऱ्याला सुरावरून वेग कळतो. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतल्या पियाजिओच्या कारखान्यातून ‘आपे’ रिक्षा आणि ‘व्हेस्पा’ स्कूटर देशभर जातात. इटालियन भाषेत आपे म्हणजे मधमाशी आणि व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी. विजेवरच्या आपेही आता रस्त्यावर आल्या आहेत. वाद्यांच्या हॉर्नवर खर्च होणारी कल्पकता अशा गाड्यांच्या गुणगुणण्यावर खर्च झाली, तर संगीतकार आणि अभियंते या दोघांनाही तिथे खरे काम आहे.

तोपर्यंत ज्यांचा दिवस चौकात, स्टँडवर किंवा स्टिअरिंगमागे जातो, त्यांनी एक करावे. संध्याकाळी घरी आल्यावर कानात शिट्टी वाजत राहत असेल, गर्दीत समोरच्याचे बोलणे तुटक ऐकू येत असेल, टीव्हीचा आवाज घरातले सारखा कमी करायला सांगत असतील, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन ऑडिओमेट्री करून घ्यावी. तपासणीला अर्धा तास लागतो, दुखत काही नाही. आवाजाने इजा झाली असेल तर आलेखावर चार हजार हर्ट्झपाशी एक खळगा दिसतो. तो भरून येत नाही, कारण मेलेल्या केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. पण तो वेळेवर दिसला, तर कामाच्या वेळी दहा-वीस रुपयांचे फोमचे बोळे घालून आणि जागा बदलून तो रुंदावण्यापासून थांबवता येतो. वाहतूक पोलिसांसाठी ही तपासणी वर्षातून एकदा ठेवायला पोलीस खात्यानेही हरकत घेऊ नये.